बसून ऐकलेला इतिहास

आमच्या घरमालकांकडून मला आलेली पहिली चिठ्ठी अशी होती : 'बाजू अ. दुधाच्या बूथपासून पाण्याच्या टाकीपर्यंत चाललो. पुन्हा वाचावे.' खाली सही, तारीख आणि निवृत्तीआधीचा हुद्दा. ही चिठ्ठी एका कॅसेटला रबरबँडने बांधलेली होती आणि कॅसेटमध्ये माझा आवाज होता. आदल्या रविवारी तासभर घसा कोरडा करून मी इंग्रज आणि मराठे यांच्यातल्या तहांचं एक प्रकरण वाचून दिलं होतं, त्याचं हे बक्षीस.

चिठ्ठीचा अर्थ असा की काका, म्हणजे हे घरमालक, ती कॅसेट वॉकमनमध्ये घालून पहाटे धावायला गेले होते. वाचन जिवंत असेल तर ऐकणारा न थकता धावतो आणि वाचणारा कंटाळला की ऐकणाऱ्याचे पाय जड होतात, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे जिथे ते धावायचे थांबून चालू लागत, तिथला मजकूर नापास. तो पुन्हा वाचायचा. किती मिनिटांनी चालू लागलात ते तरी सांगा म्हटलं, तर घड्याळ घालून धावणं त्यांना मंजूर नव्हतं.

"अहो काका, पाण्याच्या टाकीपाशी कोणता गव्हर्नर जनरल चालू होता हे मला कसं कळणार?"

"धावून बघ. कळेल."

"आणि तुम्हालाच दम लागला असेल तर?"

"मला दम लागत नाही. तुझ्या वाचनाला लागतो."

अशा माणसाच्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिलो. मी अकोल्याचा. टीव्हीचे सुटे भाग बनवणाऱ्या नोएडातल्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आलो होतो. तेव्हाचं नोएडा म्हणजे आकडे दिलेले सेक्टर आणि त्यांतले निम्मे प्लॉट रिकामे. रस्ते भलते रुंद, त्यावर गाड्या कमी आणि म्हशी जास्त. घरं मात्र भराभर उठत होती आणि दर महिन्याला कुणीतरी नवी मोटार घेऊन पेढे वाटत होतं. काका दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले, तिथल्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडलं आणि इथे दोन मजल्यांचं घर बांधून राहिले. वरच्या मजल्याला मराठी भाडेकरू हवा होता. मुलाखत काकूंनी घेतली. कांदा-लसूण खातोस का, रात्री उशिरा येतोस का, असले प्रश्न झाले आणि मी आपण होऊन सांगून बसलो की कॉलेजात मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं. काकू "अगंबाई" म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, तिचा अर्थ मला पुढे कळला.

कारण माझ्याआधी वाचायचं काम काकूंकडे होतं. काकांना इतिहासाचं वेड पहिल्यापासून होतं, पण नोकरीभर फायली वाचून डोळे विटले होते. मग पुस्तक काकूंनी टेपरेकॉर्डरवर वाचायचं आणि काकांनी ऐकत धावायचं, अशी सोय झाली. लक्ष्मीबाई नगरात असताना काकूंनी मराठ्यांचं अख्खं अठरावं शतक स्वयंपाक सांभाळून वाचून काढलं होतं. मी त्या कॅसेटी ऐकल्या आहेत. ऐन लढाईत कुकरची शिट्टी होते आणि काकू "एक मिनिट हं" म्हणून निघून जातात. गंमत म्हणजे कुकरला काकांची हरकत नव्हती. पण एकदा काकूंना ताप असताना वाचलेल्या प्रकरणावर 'चाललो' अशी चिठ्ठी आली आणि काकूंनी टेपरेकॉर्डर उचलून माळ्यावर ठेवला. तो मी आल्यावर खाली आला.

काका दिसायला काही विशेष नव्हते. किडकिडीत, सत्तावन्न-अठ्ठावन्नचे दिसत, होते साठीपुढचे. जुन्या ऑफिसच्या पँटी गुडघ्यापर्यंत कापून त्या घालून धावत. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. वॉकमन ठेवायला काकूंनी जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवून दिली होती, ती कमरेला नाडीने बांधलेली. हिवाळ्यात माकडटोपी आणि तिच्याखाली इअरफोन. जादा सेल मोज्यात. कॅसेटची पहिली बाजू लावून घरातून निघायचं, बाजू संपून बटण खट् वाजलं की असतील तिथून वळायचं आणि दुसऱ्या बाजूवर परत यायचं. हे नुसतं पळणं नव्हे, ट्रेनिंग आहे, असं ते बजावून सांगत. कशाचं ट्रेनिंग, हे विचारलं की म्हणत, "ऐकण्याचं."

शिवाय ते गप्प धावत नसत. एखाद्या सेनापतीने चुकीचा निर्णय घेतला की भर रस्त्यात "नाही! मुळीच नाही!" असं ओरडत. दूधवाले सायकलवरून पडता पडता वाचत. सेक्टरच्या गेटवरचा चौकीदार त्यांना रोज सलाम ठोकून विचारायचा, "बाबूजी, आज कौन-सी लड़ाई है?" तहाचं प्रकरण असलं की काका न थांबता उत्तर देत, "आज लड़ाई नहीं, आज संधि है." शेजारच्या मल्होत्रांच्या मुलाने नवी गाडी घेतली तेव्हा काच खाली करून तो आदराने म्हणाला, "अंकल, घर छोड़ दूँ?" काका म्हणाले, "नहीं बेटा, अभी पानीपत बाकी है." पोरगा घाबरून थेट आपल्या आईला सांगायला गेला की अंकल पानिपतापर्यंत पळत निघालेत. मल्होत्रांच्या मिसेस धावत काकूंकडे आल्या आणि काकूंनी शांतपणे त्यांना चहा दिला.

मी एकदाच विचारलं, की काका, सरळ खुर्चीत बसून का ऐकत नाही? माझी ती चूकच झाली. अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. बसलेल्या माणसाला कुणी काहीही ऐकवू शकतं, असं त्यांचं मत. त्यांनी बत्तीस वर्षं मीटिंगा बसून ऐकल्या होत्या आणि बसल्यामुळेच त्या सगळ्या खऱ्या वाटल्या होत्या. धावणारा माणूस मात्र फुकटचं ऐकून घेत नाही, त्याला दर श्वासाला मोबदला लागतो. "बसून ऐकलेला इतिहास मी पास करत नाही," हे वाक्य त्यांनी तेव्हा मला पहिल्यांदा ऐकवलं. पुढे किती वेळा ऐकवलं याची मोजदाद नाही.

नोएडा सपाट. तिथे चढ नाही म्हणून महिन्यातून एका रविवारी स्कूटर काढून आम्ही पार दिल्लीच्या त्या टोकाला, हिंदूरावच्या रिजवर, म्हणजे टेकडीवर, जायचो. म्हणजे ते जायचे आणि मला स्कूटर चालवायला नेत. अठराशे सत्तावनच्या बंडाचं प्रकरण रिजचा चढ चढतानाच ऐकायचं, इतर कुठे ऐकलं तर कळत नाही, हा आणखी एक नियम. मोठ्या हॉस्पिटलच्या पाटीवरचं हिंदूरावांचं नाव दिसलं की ते मान किंचित लववत. "ग्वाल्हेरहून आलेला. आपला माणूस." मग वॉकमन चालू करून चढाला लागत आणि मी खाली चहाच्या टपरीवर माझा रविवार कसा वाया चालला आहे याचा विचार करत बसे. ते घामाने निथळत परत आले की पहिलं वाक्य ठरलेलं. "काश्मिरी दरवाजापाशी तू जांभई दिलीस."

दिली होती. टेप थांबवून दिली होती, तरी त्यांना कळली.

इथपर्यंत हा सगळा एका म्हाताऱ्याचा छंद होता आणि मी तो वैतागत का होईना चालवून घेत होतो. शबाना आल्यावर तो छंद राहिला नाही.

शबाना परभणीकडची. जन्मापासून दिसत नव्हतं. बी.ए.ला विद्यापीठात नंबर आणून सनदी परीक्षेसाठी दिल्लीला आली होती आणि मुलींच्या एका वसतिगृहात राहत होती. लक्ष्मीबाई नगरातल्या जुन्या मैत्रिणींकडे संक्रांतीच्या तिळगुळाला काकू गेल्या, तिथे ती भेटली. परीक्षा मराठीतून, विषय इतिहास, उत्तरं लिहायला लेखनिक मिळणार होता. पण वाचून कोण दाखवणार? हिंदी आणि इंग्रजी वाचणारे मिळत होते, मराठी वाचणारं कोणी नव्हतं. आणि तिची ही शेवटची संधी होती. काकूंनी घरी येऊन हे सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि वर जिन्याकडे पाहून मला हाक मारली.

मग आधुनिक भारतावरचं एक जाडजूड पुस्तक आलं आणि माझ्या शनिवार-रविवारचं वाटोळं झालं. मी वाचायचो. काका त्याची एक प्रत काढून कपाटात ठेवत, तिला 'ऑफिस कॉपी' म्हणत. मग दुसरी कॅसेट धावून पास करत आणि पास झालेली मी शनिवारी वसतिगृहावर पोचवायचो. आता चिठ्ठ्यांना ऊत आला. पूर्वी एका कॅसेटला एखादी यायची, आता तीन-तीन. 'मंदिराच्या वळणावर चाललो.' 'नव्या बांधकामापाशी चाललो, वाळूच्या ढिगावर बसावेसे वाटले.' कंपनीत माझा साहेब जेवढं बोलत नसे तेवढं हा निवृत्त माणूस मला बोलायचा. एकदा माझा संयम सुटला.

"काका, ती मुलगी अभ्यासासाठी ऐकतेय. तिला काय धावायचंय?"

"तिला पान उलटून मागे बघता येत नाही," काका म्हणाले. "तुला शंका आली तर तू पुस्तक उघडशील. ती काय उघडेल? आपण जे देऊ तेच तिचं पुस्तक."

बरोबर बोलणं ऐकलं की माणूस जास्तच चिडतो.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली. शेवटच्या चार कॅसेटी मी वाचून दिल्या आणि दुसऱ्याच दिवशी काका टेलिफोनच्या तारांसाठी खणून ठेवलेल्या चरात पडले. घोटा सुजून केवढातरी झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय टेकवू नका म्हणून सांगितलं. आता कुणालाही वाटेल की या चार कॅसेटी तरी खुर्चीत बसून ऐकल्या जातील. छे! कॅसेटी टेबलावर ओळीने ठेवून हा माणूस पाय उशीवर घेऊन त्यांच्याकडे बघत पडून राहिला.

"पास केल्याशिवाय जाणार नाहीत."

"मग बसून ऐका ना!" काकू ओरडल्या.

"बसून ऐकलेला..."

"माहीत आहे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

चौथ्या दिवशी त्यांना तोडगा सुचला. मी स्कूटर धावण्याच्या वेगाने चालवायची आणि त्यांनी मागे बसून ऐकायचं. मीही वेडा, तयार झालो. पहिल्या गिअरमध्ये स्कूटर गुरगुरत होती, काका मागे बँडेज बांधलेला पाय आडवा धरून डोळे मिटून बसले होते आणि आमच्या शेजारून म्हशी आम्हाला मागे टाकून जात होत्या. चौकीदाराने सलाम करायचा हात अर्ध्यावरच थांबवला. दोन फेऱ्या झाल्यावर काकांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"नको. परत चल. स्कूटरवर सगळंच छान वाटतं."

आठवडा गेला. शबानाचा वसतिगृहातून फोन आला, तो मीच घेतला. "दादा, पुढच्या कॅसेटी कधी?" एवढंच तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. पण मला माझीच लाज वाटली आणि ती मी काकांच्या नावावर टाकली. त्या शनिवारी काकू त्यांना बँडेज बदलायला घेऊन गेल्या असताना मी टेबलावरच्या चारही कॅसेटी उचलल्या आणि वसतिगृहावर देऊन आलो. परत येताना मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या चारांपैकी तिसऱ्या कॅसेटमध्ये मी चार पानं गाळली होती. चुकून नव्हे. रविवारची दुपार होती, मल्होत्रांच्या घरातून क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि समोर होती जमीन-महसुलाची पद्धत. कायमधारा वाचला, रयतवारी वाचली, आणि पुढे महालवारीची चार पानं बघून मला वाटलं, हे कोण विचारतंय? पानं उलटली आणि पुढच्या मथळ्यापासून वाचायला लागलो. काकांच्या तडाख्यातून हे सुटणार नाही हे तेव्हा माझ्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि मी म्हटलं, बघू. मग काका चरात पडले.

कॅसेटी गेल्याचं कळल्यावर ते ओरडले नाहीत. "तू धावलास का त्या ऐकत?" एवढं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चिठ्ठीही आली नाही. चिठ्ठी न आल्याचं मला वाईट वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पुढे पायाला जरा उतार पडला. एका सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत खाली आलो तर काका घामेजून व्हरांड्यात बसलेले. घोट्याला क्रेप बँडेज, कमरेला पिशवी. डॉक्टरांची मुदत संपायला अजून चार दिवस होते. ऑफिस कॉपी काढून ते गुपचूप धावून आले होते. पुस्तक समोर उघडं होतं.

"ही चार पानं कुठायत?"

"चिकटून एकदम उलटली गेली असतील."

काकांनी ती पानं अंगठ्याखालून एकेक करून सोडली. सुटी, कोरी करकरीत होती.

"वाच," ते म्हणाले.

"काका, ऑफिस..."

"परवा तिचा पेपर आहे. वाच."

मी उभ्यानेच टेपरेकॉर्डर लावून चार पानं वाचली. जीव तोडून वाचली, खोटं कशाला सांगू. बारा मिनिटं लागली. कॅसेट काढून मी स्कूटरच्या किल्लीकडे वळलो तर काकांनी हात पुढे केला.

"आधी इकडे."

इथे माझा तोल गेला. पेपर परवावर आलाय, पायाची ही अवस्था, आणि चार पानांसाठी हा माणूस पुन्हा धावणार! मी काय काय बोललो ते आता लिहीत नाही. तुमच्या या हट्टामुळेच सगळा उशीर झाला, असंही बोललो. काकूंनीही हात जोडले. काकांनी कॅसेट वॉकमनमध्ये घातली, फाटक उघडलं आणि गल्लीत धावायला लागले. कोपऱ्यातल्या विजेच्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. उजवा पाय टेकला की चेहरा पिळवटायचा. मी फाटकाशी उभा राहून मनातल्या मनात महालवारी म्हणत होतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या पावलांकडे बघतोय आणि देवाची प्रार्थना करतोय की हा माणूस चालू लागू नये. बारा मिनिटं ते चालले नाहीत. मग पायरीवर धप्पकन बसले आणि म्हणाले, "पास."

मी ऑफिसला दांडी मारली. काका स्कूटरवर मागे बसले, कारण त्यांना घरी बसणं शक्यच नव्हतं. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर त्यांना स्कूटरपाशी थांबवून मी आत गेलो. शबाना भेटीच्या खोलीत आली. मी कॅसेट तिच्या हातात दिली.

"एक भाग राहिला होता," मी म्हटलं. "महालवारीचा. चुकून."

"हो, कळलं होतं मला," ती म्हणाली. "रयतवारीवरून एकदम दुष्काळ आला. इथे वाचून देणारं कुणी मिळालं नाही म्हणून तो प्रश्न सोडूनच द्यायचा असं ठरवलं होतं. बरं झालं आणलंत."

मी जायला वळलो. ती मागून म्हणाली,

"दादा, राग नका मानू. आधीच्या कॅसेटींत तुम्ही कंटाळलेले नसायचात. या वेळच्या चारही कॅसेटींत कंटाळला होतात. पानापानाला ऐकू येत होतं. पण वाचणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मी काही बोलले नाही."

मी बाहेर आलो. स्कूटर सुरू केली. यमुनेचा पूल आला. मग काकांनी मागून विचारलं, "काय म्हणाली?"

"थँक यू म्हणाली."

"थँक यू म्हणायला एवढा वेळ लागत नाही."

समोर रस्त्याकडे बघत बोलायचं होतं म्हणून मला ते जमलं. पानं मुद्दाम गाळली होती, इथपासून सगळं सांगितलं. ती काय म्हणाली तेही शब्दाला शब्द सांगितलं. पूल संपला. मला वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच.

"'काही बोलले नाही,' असं म्हणाली?"

"हो."

काकांनी माझ्या खांद्यावर ठेवलेला हात घट्ट केला.

"म्हणून तर मी बोलत होतो, गाढवा," ते म्हणाले.